चिंधीचा भराव

२४ जुलै, गुरुवार

दिनेश, तुझी तब्येत कशी आहे? पूर्वा, तुझं डोकं थांबलं का? मैने, तुझा खोकला? ठकुबाई, तुझे गुडघे? पांढऱ्या शेळीचं पोट अजून बिघडलेलंच का? आणि बायडी, तू कशी आहेस?

लिहायचं म्हटलं की मला अशीच सुरुवात येते, कारण आजवर पत्राशिवाय मी काही लिहिलेलं नाही. शाळेत गेले नाही. भिवंडीच्या निजामपुऱ्यात फखरुद्दीन शेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, तेव्हा सुताच्या पेट्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला आलं. लिहायला शिकले ते आक्काला पत्रं धाडायची म्हणून. आक्का माझी थोरली बहीण, डोंगरात माहेरच्या पाड्यावर राहायची. तिला गुरुजी वाचून दाखवायचे. ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून पेन धरला नव्हता.

आता डॉक्टरने धरायला लावला. म्हणाला, "आजी, मुलाची रोजची तब्येत लिहून ठेवा. कुठलं बोट किती हललं, सगळं. महिन्याने वही मला दाखवा." मैनाच्या गेल्या वर्षीच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली.

तर विचारलंय मीच आणि उत्तरं पण मलाच द्यायची आहेत. पूर्वा माझी सून. तिचं डोकं दुखतंच आहे, चार रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून काढल्यात तिने. मैना नात, आठ वर्षांची, तिचा खोकला कमी आहे. ठकुबाई शेजारीण. तिच्या गुडघ्यांचं विचारायची सोय नाही, विचारलं की ती तासभर उठत नाही. शेळी ठणठणीत आहे.

दिनेश बरा नाही. माझा एकुलता एक. शनिवारी संध्याकाळी कामावरून शेलारला घरी येताना मोटारसायकलचं पुढचं चाक रस्त्याच्या खड्ड्यात गेलं आणि तो उजव्या दंडावर पडला. हाड मोडलं. ऑपरेशन करून पट्टी बसवली, ते जुळेल म्हणतात. पण हाडाजवळची नस दबली आहे. पंजा मनगटातून खाली लोंबतोय, वाळलेल्या केळीच्या पानासारखा. बोटं मिटतात, उघडत नाहीत.

दिनेश बीम जोडतो. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला की नव्या सुताचा रूळ, म्हणजे बीम, चढवतात, आणि जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्याच्या एकेका टोकाशी चिमटीत पिळून जोडायचं असतं. हजारो टोकं. दिनेशची बोटं चालायची तेव्हा दिसायची नाहीत, नुसतं सूत पुढे सरकताना दिसायचं. भिवंडीत कारखानदार त्याची दोन-दोन दिवस वाट बघायचे.

आज कुठलंच बोट उघडलं नाही.

२६ जुलै, शनिवार

बोटं तशीच. अंगठा पण नाही.

दिनेशला काल घरी आणलं. बघायला माणसं येतायत. येणारा प्रत्येक जण सफरचंद आणतो आणि रस्त्याला शिव्या घालतो. मी पण घालते. हा रस्ता दोन वर्षं असाच आहे. वडप्याच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर हायवे तुंबला की आमच्या गावातून घुसतात. डांबर पापडासारखं उडालं, खाली मातीच उरली. निवडणुकीत तीन जण तीन वेळा नारळ फोडून गेले. नारळ तेवढे पक्के फुटले.

म्हणूनच तर जूनमध्ये मी उठले होते. बंद पडलेल्या वजनकाट्यासमोर, वळणावर, मोठा खड्डा होता, मैना उभी राहिली तर गुडघ्यापर्यंत आत जाईल एवढा. शाळेची पोरं तिथे चिखलात न्हायची. शेठच्या कारखान्यातून सात गोण्या चिंधी आणली. कारखान्यात माग थरथरायला लागला की पायाखाली चिंधीची घडी ठोकून बसवतात, मग तो धडधडणारा माग पंधरा पंधरा वर्षं जागचा हलत नाही. मी म्हटलं, जी चिंधी मागाला धरते ती मोटारीला का धरणार नाही. गोण्या टाकल्या, मुसळाने ठोकून ठोकून बसवल्या, वर विटांचे तुकडे आणि मुरूम. दोन दिवस लागले. पंचायतीतला हिरामण आला, शाल घातली, नारळ दिला, बाजूला उभा राहून फोटो काढून घेतला. रस्ताभर लोक म्हणायचे, बायडीआजीचा खड्डा.

त्या एका जागी तरी कोणी पडणार नाही. दिनेशचं नशीब फुटकं, तो दुसरीकडेच कुठेतरी पडला.

नक्की कुठे, ते मात्र कळेना. दिनेशला विचारलं तर म्हणाला, "पुलाच्या पुढं, आये. आठवत न्हाय." पूर्वाला विचारलं तर म्हणाली, दर्ग्याच्या अलीकडे. पूल एका टोकाला, दर्गा दुसऱ्या. डोक्याला पण मार लागलाय की काय, डॉक्टरला विचारायला पाहिजे.

ठकुबाईला विचारलं तेव्हा ती शेळीला पाला घालायला उठली. त्या गुडघ्यांनी.

३० जुलै, बुधवार

बोटं तशीच. डॉक्टरने मनगटाला खालून आधार देणारा पट्टा दिलाय. पट्ट्यात हात बरा दिसतो. काढला की खाली पडतो.

आज ठरवलं, अर्ज करायचा. रस्ता ज्यांचा त्यांनी येऊन बघावं. माझ्या पोराचा हात त्यांच्या रस्त्यात पडलाय.

मला वाटलं नव्हतं एवढा दिनेशला राग आला. "कशाला ते? जाव दे ना, आये."

"का जाऊ दे?"

"अर्जाने नस जागी होणार हाय का?"

"तुझी न्हाय होणार. त्यांची होईल."

हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. हा असा कधीपासून झाला? बाप असता तर ऑफिसात जाऊन बसला असता. पोरगा माझा हाताने गेला आणि जिभेने पण, असं वाटलं. लिहायला नको होतं, पण वाटलं ते लिहिलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

काल ऑफिसात गेले होते. एका ऑफिसने सांगितलं, हा रस्ता आमचा नाही, शेजारच्या इमारतीत विचारा. तिथे सांगितलं, होता, पण गेल्या वर्षी दिला. कोणाला दिला? तर पहिल्यांनाच. शेवटी एका पोरगेल्या साहेबाने अर्ज घेतला आणि विचारलं, "आजी, अपघाताची जागा?"

मी म्हटलं, "तुम्ही या, जागा माझा मुलगा दाखवेल."

"ठिकाण लिहावं लागेल."

मी लिहिलं, शेलारचा रस्ता. म्हणाला, तो तर चार किलोमीटर आहे. मी म्हटलं, मग चारी किलोमीटर बघा, तुमचीच हाडं खिळखिळी होतील. बाजूचा शिपाई हसला. साहेब हसला नाही, पण शिक्का मारला.

येताना रिक्षा वजनकाट्यावरून आली. माझ्या खड्ड्यावर कोणीतरी करंजाची फांदी रोवलीय आणि दोन मोठे दगड ठेवलेत. बरं वाटलं. भराव नवा आहे, जड गाड्या चढू नयेत म्हणून कोणीतरी राखतंय. गावात चांगली माणसं अजून आहेत.

रिक्षावाल्याला म्हटलं, "हा मी भरलाय." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी हळू करून लांबून वळसा घातला. माझ्या कामाची आजकाल लोक कदर करतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

बोटं तशीच. मैनाने विचारलं, बाबाचा हात झोपलाय का. पूर्वा बाहेर जाऊन रडली. मी भाकऱ्या केल्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार

फखरुद्दीन शेठ स्वतः आले. पंच्याहत्तरी गाठलीय, काठी घेऊन चालतात. यांचे आजोबा समुद्राकाठचं गाव सोडून भिवंडीला आले, तेव्हापासून यांच्या घरात माग आहेत. मी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा मला घड्याळ कळत नव्हतं. शिफ्ट कधी सुटते ते शेठच्या आईने सावलीवरून शिकवलं.

शेठ दिनेशजवळ खाटेवर बसले, त्याचा पंजा हातात घेतला आणि बराच वेळ नुसते बोटांवरून हात फिरवत राहिले, कापडाचा पोत बघतात तसा. म्हणाले, "आठ नंबरचा बीम तसाच उभा आहे. दुसऱ्याला लावला होता. गाठी मारतो साला, जोडत नाही. जल्दी नको करू, बेटा. माग थांबला तर थांबला."

दिनेश म्हणाला, "नका थांबवू, शेठ."

ते तीन शब्द त्याने असे काही सांगितले की शेठने चष्मा पुसला.

जाताना दाराशी मला म्हणाले, "बायडी, ऐकलं तू अर्ज केलास."

"केला. तुम्ही पण सही करा. तुमच्या कारागिराचा हात आहे."

"मी सही करीन," शेठ म्हणाले. मग काठीने जमिनीवर उगाच रेघ ओढत राहिले. "पण तू त्याच्याशी बोल पहिले. नीट बस, आणि बोल."

"रोज बोलते."

"हां. रोज बोलतेस." एवढं म्हणून गेले. मोठी माणसं म्हातारी झाली की कोड्यात बोलायला लागतात. चिंधी हवी का विचारलं, तर नेहमी गोणी बांधून ठेवायला सांगणारे शेठ म्हणाले, आता कारखान्यातून चिंधी बाहेर देत नाही.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नाही म्हटलं, ते पण चिंधीला. लागलं मनाला.

१३ ऑगस्ट, बुधवार

अर्जाला गाडीचे फोटो जोडायचे म्हणून मुदस्सिरच्या गॅरेजला गेले. मुदस्सिर शेठचा पुतण्या, दिनेशच्या वयाचा. दोघे लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकले. गाडी मागच्या पत्र्याखाली झाकून ठेवली होती. मी ताडपत्री ओढली तर धावत आला.

"मावशी, राहू दे. मी फोटो पाठवतो ना."

"तुझ्या फोनचा फोटो माझ्या डोळ्यापेक्षा बरा का?"

पुढचं चाक वाकडं, लाइट फुटलेला. चाकाच्या आसाला, तारांमध्ये, कापडाची पट्टी गुंडाळलेली, चिखलाने काळी पडलेली. नखाने खरवडली तर खाली पिवळी किनार निघाली, तिच्यात हिरवे दोन तार. मी म्हटलं, "हे काय? कोणाची ओढणी अडकली होती काय चाकात?"

मुदस्सिर म्हणाला, "असेल." आणि कटर घेऊन पट्टी कापायला लागला. फोटो काढायच्या आधीच.

ती किनार माझ्या ओळखीची वाटली. पण भिवंडीत कुठल्या कापडाची किनार ओळखीची वाटत नाही. निम्मं आयुष्य डोळ्यासमोरून तेच गेलंय.

घरी येऊन दिनेशला विचारलं, "कोणी बाई होती का मध्ये? कोणाची ओढणी चाकात गेली का? कोणाला वाचवायला गेलास का?" म्हटलं तसं असेल तर लपवतोय, दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून. त्याचा स्वभावच तसा.

"हा," तो म्हणाला. "तसंच समज."

म्हणजे कोणीतरी आहे. त्या बाईने एकदा घरी येऊन तोंड दाखवू नये? माणसं अशी कशी असतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

अंगठा हलला असं पूर्वाला वाटलं. मला नाही वाटलं. वहीत लिहू की नको यावरून आमचं वाजलं. लिहिलंय.

ऑफिसातून फोन होता. गुरुवारी साहेब जागा बघायला येणार. दिनेश म्हणाला, मी येत नाही. मी म्हटलं, तुला उचलून नेईन. मग तो ओरडला. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. "आये, तुला माझी शपथ, नको जाव." मैना दचकली.

मी जाणार. गप्प बसून बसूनच या गावाचं असं झालंय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सावकाश लिहिते.

तोच पोरगेला साहेब जीपने आला, बरोबर दोन मजूर, पहार. हिरामण पण आला. दिनेश आला नाही. साहेबाने विचारलं, "जागा कुठली?" मी म्हटलं, पूल आणि दर्ग्याच्या मध्ये कुठेतरी, मुलगा सांगत नाही. साहेबाने हातातला कागद उघडला. पोलिसांचा पंचनामा होता. वाचून म्हणाला, "यात लिहिलंय, बंद वजनकाट्यासमोर."

मी म्हटलं, "चुकलंय. तिथला खड्डा भरलेला आहे. मीच भरलाय."

हिरामणने माझा दंड धरला. "मावशी, चला घरी. ऊन हाय." ढग होते.

आम्ही काट्यासमोर गेलो. करंजाची फांदी वाळली होती. दगड बाजूला केले. वरचा मुरूम वाहून गेला होता, मध्ये भांड्यासारखी खोलगट जागा, पाण्याने भरलेली. साहेबाने मजुराला खूण केली. त्याने पहार घातली आणि ती आपोआप आत गेली, भिजलेल्या गादीत सुई जावी तशी. वर ओढली तर टोकाला अडकून पट्टी निघाली. तो ओढत राहिला, ती संपेना. पिवळी किनार. दोन हिरवे तार.

दिनेश पडला तोवर तीन आठवडे माझ्या चिंधीने पाणी प्यायलं होतं. कारखान्याची जमीन कोरडी असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब दुष्ट नव्हता. त्याला बरं वाटलं एवढंच. मजुराला फोटो काढायला लावले आणि लिहून घ्यायला सांगितलं, "अनोळखी इसमाने विनापरवाना कापड भरल्यामुळे जागा खचली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंत आजी? रस्ता कोणाचा का असेना, हा भराव आमचा नाही." थोड्या वेळापूर्वी मी काय बोलले ते त्याने ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं होतं.

मी तिथून चालत घरी आले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वाला, ठकुबाईला, मुदस्सिरला, शेठना, रिक्षावाल्याला. ती फांदी माझ्या भरावासाठी नव्हती. माझ्या भरावापासून माणसं वाचवायला होती.

ठकुबाई आली. म्हणाली, "काय सांगू गो तुला? कोणच्या तोंडाने?" मी म्हटलं, "रोज कशाच्या तोंडाने चहा प्यायलीस?" ती रडली. मला तिची कीव आली नाही. आता येतेय, पण तेव्हा आली नाही.

महिनाभर मी या खाटेशेजारी बसून रस्त्याला शिव्या घातल्या आणि तो ऐकत पडला होता.

ही वही डॉक्टरला दाखवणार नाही. बोटांचं वेगळ्या कागदावर लिहून देईन.

२४ ऑगस्ट, रविवार

हिरामण सकाळीच आला. जमिनीवर बसला, खुर्ची नको म्हणाला. "मावशी, कागदावर अनोळखी इसम हाय ना? मंग ऱ्हाव दे अनोळखी. तुम्ही अर्ज मागं घ्या, ते फाइल बंद करतील. नायतर नोटीस तुमच्यावरच येल. आनि माझाबी फोटो हाय तुमच्या बाजूला, शाल घालताना. गावभर फिरलाय."

मी विचारलं, "तो खड्डा किती वर्षांचा, हिरामण?"

"दोन... अडीच."

"आणि माझी चिंधी?"

तो उठून चपला शोधायला लागला.

"अडीच वर्षांचं तुम्ही सगळ्यांनी मिळून चार दिवसांत माझ्यावर ढकललं. तुझा फोटो तू बघ."

तो गेल्यावर पूर्वा भांडी घासत होती, ती थांबली. दिनेश खाटेवर उठून बसला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, शेठनी सांगितलं होतं तशी, नीट.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी अर्ज केला नसता."

"ते तरी झालं असतं," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच जरासा हसला. मग पट्ट्यातल्या हाताकडे बघत म्हणाला, "पाणी भरलेलं होतं, आये. पुढच्या दोन गाड्यांनी वळसा घातला. मीबी घालू शकत होतो. मी सरळ घातली. म्हटलं, हा तर आपल्या आयेने भरलाय, हितं कशाला वळायचं."

असं म्हणाला. रागाने नाही. वाट सांगावी तसं.

मी उठून मागच्या दारी गेले. शेळी पाला खात होती. मी तिच्याजवळ उभी राहिले.  मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे वळसा घालत होते आणि माझा पोरगा सरळ गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज ऑफिसात दुसरा अर्ज दिला. कच्चा इथे लिहून ठेवते, कारण त्यांच्याकडचा हरवेल.

"साहेबांना नमस्कार. तुमच्या कागदात लिहिलेला अनोळखी इसम मी आहे. माझं नाव बायडी, राहणार शेलार. वजनकाट्यासमोरचा खड्डा मी चिंधीने भरला. चिंधी पाणी धरते हे मला सुचलं नाही, ती माझी चूक आहे आणि तिच्यात माझ्याच मुलाचा हात गेला. नोटीस द्यायची तर याच नावाने द्या. पण मी भरला तेव्हा तिथे खड्डा होता. तो अडीच वर्षं होता. तो कोणी ठेवला, त्या इसमाचं नाव पण तुमच्या कागदात लिहा. तो पण माझ्यासारखाच पुढे आला तर बरं होईल. पहिला अर्ज मी मागे घेत नाही."

पोरगेल्या साहेबाने दोनदा वाचला. म्हणाला, "आजी, असं कोणी लिहून देत नाही." मी म्हटलं, "म्हणून तर अनोळखी इसम एवढे झालेत."

शिक्का मारला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती येणार. दुपारी डांबराची गाडी आली. काट्यासमोरून पुलापर्यंत सगळे खड्डे एका दुपारात भरले. माझी चिंधी उपसून कडेला टाकली आणि वर गरम डांबर ओतून रोलर फिरवला. अडीच वर्षांचं काम, त्या एका खड्ड्याला गाडी उभी केल्यापासून वीस मिनिटं लागली. मी तिथेच उभी राहून मोजली. देवाच्या मूर्तीला धक्का बसायला नको म्हणे.

चिंधीचा ढीग अजून कडेला पडलाय. कोणी उचलायला तयार नाही. मी पण नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

दिनेश, हे पान तुला आहे.

तुझी तब्येत कशी आहे? हे मी तुला रोज तोंडाने विचारते आणि तू रोज बरी म्हणतोस. पूर्वाची तब्येत बरी आहे, तिचं डोकं तीन दिवस दुखलं नाही. मैनाचा खोकला गेला. ठकुबाईशी मी परवापासून बोलते आहे, गुडघ्यांचं पण ऐकून घेतलं. शेळी गाभण आहे असं वाटतं. ऑफिसातून नोटीस आली नाही, उत्तर पण आलं नाही. बहुतेक येणारच नाही.

काल डॉक्टरने तुझा पट्टा काढला आणि मनगट उचलायला सांगितलं, तेव्हा ते उचललं. तांदळाच्या दाण्याएवढं. आपण दोघांनी बघितलं. डॉक्टर म्हणाला, नस जागी होतेय असं वाटतं, पण किती होईल ते तो सांगत नाही. बीम जोडण्याइतकी होईल का, विचारलं तर म्हणाला, बघू. मी ते ‘बघू’ पदरात बांधून आणलंय.

त्याने सांगितलंय, पट्टा घालून रोज थोडं लिहायचं. पेन धरला की बोटांना काम मिळतं. म्हणून ही वही तुझ्या उशीखाली ठेवते. मागची पानं वाच. मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते सगळं वाच, जिभेने गेला म्हटलंय ते पण. खोडलेलं नाही.

मग मला उत्तर लिही. तोंडाने तू जाव दे म्हणतोस. सात दिवसांत अकरा वेळा म्हणालास. मला जाऊ द्यायचं नाही, दिनेश. तू त्या गाडीवरून पडलास आणि चिखलात तुझ्या हाताखाली पिवळी किनार लागली, तेव्हा तुला माझ्याबद्दल काय वाटलं ते लिही. शिवी आली असेल तर शिवी लिही. मी फखरुद्दीन शेठच्या कारखान्यात तीस वर्षं काढलीत, मला सगळ्या येतात.

डाव्या हाताने लिहायचं नाही. उजव्यानेच. अक्षर वाकडं आलं, रेघ सोडून खाली गेलं, एका दिवसात एकच ओळ झाली तरी चालेल. तुझं मी वाचून घेईन, पेट्यांवरचं पुसट अक्षर जुळवून वाचायला शिकलेली बाई आहे मी.

पेन वहीला सुताने बांधलाय, हरवू नये म्हणून. आक्काचं उत्तर यायला कधी कधी दोन महिने लागायचे, मी वाट बघायची. तुझी एवढी वाट बघवणार नाही. लवकर लिही.

तुझी आये